मालिकेतलं कोर्ट आणि भंडाऱ्याचं कोर्ट

आजचा विषय हलका वाटेल. टीव्हीवर दिसणारं कोर्ट किती खरं? पण गोंदिया जिल्ह्यातल्या किती माणसांनी सत्र न्यायालयात बसून एखादा खटला ऐकला असेल? फार थोड्या. बाकीच्यांना कोर्ट माहीत आहे ते मालिकांमधून आणि सिनेमांमधून. तेव्हा न्यायाबद्दलची आपली कल्पना कुठून आली, हा प्रश्न हलका राहत नाही.

आधी किरकोळ गोष्टी उरकून घेऊ. आपल्या न्यायाधीशांच्या टेबलावर तो लाकडी हातोडा नसतो. साक्षीदाराला गीतेवर हात ठेवायला सांगत नाहीत. कंपनी सरकारच्या काळात गंगाजल, कुराण यांवर शपथा होत असत. १८४० च्या कायद्याने ते बंद करून सत्यप्रतिज्ञा आणली. आज १९६९ चा शपथ कायदा आहे. ईश्वराच्या नावाने शपथ घ्या, नाहीतर गांभीर्यपूर्वक सांगा की खरं बोलेन. पडद्यावर मात्र लाल कापडात गुंडाळलेली गीता अजून येतेच आहे.

आता ‘खऱ्या’ म्हणवणाऱ्या कार्यक्रमांकडे वळू. १९८१ मध्ये अमेरिकेत ‘द पीपल्स कोर्ट’ सुरू झालं, १९९६ मध्ये ‘जज ज्यूडी’. आपल्याकडे २००८ मध्ये स्टार प्लसवर किरण बेदींची ‘आप की कचहरी’ आली. तिथली माणसं खरी, भांडणंही खरी. पण ते न्यायालय होतं का? नव्हतं. जज ज्यूडी पूर्वी न्यूयॉर्कच्या कौटुंबिक न्यायालयात न्यायाधीश होत्या हे खरं, पण स्टुडिओत त्या बसल्या लवाद म्हणून. दोन्ही पक्ष आधी करारावर सही करून येत, आणि ठरलेली रक्कम कार्यक्रमाचे निर्मातेच देत. हरणाऱ्याच्या खिशाला झळ नाही! किरण बेदी तर निवृत्त पोलीस अधिकारी. म्हणजे ही राजीखुशीची मध्यस्थी झाली. आपल्या गावचे पंच तेच करत आले. आपल्या लोकअदालतीतही तडजोड होते, पण तिच्यामागे १९८७ चा कायदा आहे आणि तिथल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ आहे. हा फरक ध्यानात ठेवा.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून थोडं न्यायदर्शनाकडे जातो. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य कळावं म्हणून होतो तो वाद, जिंकायचं म्हणून होतो तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडत राहणं म्हणजे वितंडा. वकील जिंकायलाच उभा असतो, म्हणजे कोर्टातही जल्प आहेच की! पण त्याला वादाकडे वळवण्यासाठी पद्धत घालून दिलेली आहे. आधी सरतपास, मग उलटतपास, गरज पडली तर फेरतपास. साक्ष टंकलिखित होते, साक्षीदाराला वाचून दाखवतात, तो सही करतो. आरोपीला आरोपपत्राची आणि जबाबांची नक्कल आधीच मिळते. आणि निकालात कारणं लिहावी लागतात. मालिकेत हे सगळं गाळतात, कारण ते कंटाळवाणं असतं. उरतो तो निव्वळ जल्प.

नानावटी खटला बघा. २७ एप्रिल १९५९ ला मुंबईत नौदल अधिकारी नानावटींनी प्रेम आहुजांवर गोळ्या झाडल्या. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांची बाजू उचलून धरली, लोक कोर्टाबाहेर गर्दी करू लागले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं. २०१६ चा ‘रुस्तम’ सिनेमा अशाच निर्दोष सुटकेवर संपतो. खऱ्या खटल्यात पुढे बरंच घडलं. सत्र न्यायाधीशांना तो कौल पुराव्याला धरून वाटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. १९६० मध्ये जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. टाळ्या पडल्या तिथे सिनेमा थांबला, कायदा थांबला नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. १९९९ पर्यंत आपण भंडारा जिल्ह्यातच होतो. त्या जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात, खैरलांजीत, २९ सप्टेंबर २००६ ला एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवलं, सहांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा केली. अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही, असं दोन्ही न्यायालयांनी म्हटलं. अनेकांना ते पटलं नाही, आजही पटत नाही. पण का पटत नाही हे त्यांना बोट ठेवून सांगता येतं, कारण न्यायालयाची कारणं कागदावर आहेत. त्यांच्याविरुद्ध वर दाद मागता येते, लेख लिहिता येतात, मोर्चा काढता येतो. स्टुडिओतल्या निकालाविरुद्ध कुठे जाणार?

मग कलेने कोर्ट दाखवूच नये का? तसं नाही. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये रंगमंचावर आलं. त्यात हौशी नटांचा खोटा खटला बघता बघता बेणारेबाईंवर उलटतो. एकाच बाईला सगळ्यांनी घेरलं की न्यायाचा खेळ किती क्रूर होतो, ते दिसतं. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार लोकशाहीर झाले. तिथे तारखा पडतात, न्यायाधीश नोंदी सांगतात, टंकलेखन चालतं. कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्यातच एका माणसाचं आयुष्य झिजताना दिसतं. ही कला प्रेक्षकाला निकालाची गोळी देत नाही.

विलंब ही चांगली गोष्ट आहे असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. तारखांपायी माणसं खचतात. पण उलटतपासाला लागणारा वेळ वेगळा आणि रिकाम्या तारखेचा वेळ वेगळा. पहिला वाचवायचा आहे, दुसरा कमी करायचा आहे. मालिका दोन्ही एकदमच कापते, आणि मग आपल्याला वाटू लागतं की पुरावा कशाला, आरोपी तर समोर दिसतोय. झुंडीला हेच वाटत असतं.

सप्टेंबर २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयातल्या घटनापीठांची सुनावणी घरबसल्या बघता येते. एकदा तासभर बघा. आपण झाडीपट्टीची माणसं, धान निघाल्यावर रात्ररात्र नाटक बघणारी. आपल्याला धीर नाही असं कोण म्हणेल? तोच धीर खऱ्या सुनावणीसाठी थोडा ठेवूया.