शरणपूरचे आफ्रिकी विद्यार्थी

अमेरिकेत कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराने १९२६ साली 'निग्रो इतिहास सप्ताह' सुरू केला. १९७० मध्ये केंट स्टेट विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी त्याला महिनाभराच्या उत्सवाचे रूप दिले. ज्यांचा इतिहास पुसला गेला, त्यांनीच तो पुन्हा लिहिला पाहिजे, ही त्यामागील भूमिका होय.

या इतिहासाचे एक पान आपल्या नाशिक जिल्ह्यातही आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमाराने गुलामवाहू गलबतांतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना नाशिकनजीक शरणपूर येथे ख्रिस्ती मिशनने आश्रय दिला. तेथे त्यांना अक्षरज्ञान व हस्तव्यवसाय शिकविले जात. गावाचे नाव सार्थ ठरले. मात्र मुलांची मूळ नावे मागे पडली.

जेकब वेनराइट हा त्यांपैकीच एक. १ मे १८७३ रोजी प्रवासी लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात निधन पावला. तेथील झाडावर त्याचा मृत्युलेख वेनराइटने कोरला. सहकाऱ्यांनी शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेतील अंत्यविधीत शवपेटिकेच्या मानकऱ्यांत वेनराइटही होता. तरीही इतिहासात नाव गाजले ते लिव्हिंग्स्टनचेच.

१९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य व निग्रो यांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले. ते साम्य जाणणाऱ्या कळवणच्या विद्यार्थ्याने कृष्णवर्णीयांचा इतिहास शोधताना प्रथम शरणपूरला जावे. तो परका नाही.