गाजर गवत

(कुल – कंपॉझिटी). सूर्यफुलाच्या कुलातील ही वर्षायू ओषधी मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. भारतात तिची ठळक नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यास झाली, आणि आज हिंगोली जिल्ह्यातही गायरान, पडीक जमिनी व सडकांच्या कडा यांवर तिने आपला अंमल बसविला आहे. फुलोऱ्यापूर्वी तिची गाजराच्या पाल्यासारखी खोल विभागलेली, लवदार पाने भुईलगत चक्राकार पसरतात. तिला ओळखण्याची खरी वेळ हीच होय, कारण पुढे पन्हळीदार, ताठ, वरच्या भागात बहुशाखी असे खोड कमरेएवढे वाढून त्यावर सुमारे ४ मिमी. व्यासाची, पाच किरण-पुष्पकांची पांढरी स्तबके आली, की एकेक झाड हजारो बीजे विखुरते. तिच्यासारख्या दिसणाऱ्या तणांपैकी एकदांडीचे स्तबक लांब दांड्यावर एकटेच असते आणि ओसाडीची पाने अविभाजित असतात, म्हणून त्यांना निष्कारण उपटू नये. गाजर गवतातील पार्थेनिन या द्रव्यामुळे त्वचादाह व दमा संभवतो. जैव नियंत्रणासाठी मेक्सिकन भुंगेरा १९८४ मध्ये भारतात सोडण्यात आला. मोकळ्या जागी तरोटा पेरल्यानेही तिची वाढ दबते. हातमोजे घालून, फुले येण्याआधी, ती समूळ उपटावी.