मिटणाऱ्या पात्याचे नाव

कापण्याच्या हत्यारांना मराठीत नावांची वानवा नाही. चांभाराची रापी, न्हाव्याचा वस्तरा, माळ्याचे खुरपे, पानवाल्याचा अडकित्ता, उसाचा कोयता, स्वयंपाकघरातली विळी. ज्याचे त्याचे काम ठरलेले आणि नावही ठरलेले. मात्र सडपातळ, घडी होणारा, खिशात पडून राहणारा जो चाकू असतो, त्याला आपण नुसते ‘चाकू’ म्हणतो. कांदा चिरतो तोही चाकू, केकवर फिरतो तोही चाकू आणि गुन्हेवार्तांत ‘चाकूने वार’ होतात तोही चाकूच. वास्तविक हे नाव त्या घडीवाल्याचे होते. बाकीचे त्यात मागाहून घुसले.

तुर्की भाषेत हा भेद अजून शाबूत आहे. तिथे खाटकाच्या किंवा स्वयंपाकघरातल्या सुरीला ‘बिचाक’ म्हणतात, आणि पाते मुठीत मिटते त्याला ‘चाकी’. हा तुर्की घराण्यातला शब्द फारसीत ‘चाकू’ झाला आणि फारसीचे बोट धरून आपल्याकडे आला. इराणातले झंजान हे गाव आजही चाकूंसाठी ओळखले जाते. गमतीचा भाग असा की ‘खिसा’ हाही शब्द फारसीच्याच वाटेने आलेला. तिकडे ‘कीसा’ म्हणजे पिशवी. म्हणजे वस्तू आणि ती ठेवायची जागा, दोन्हींची नावे एकाच दिशेकडून आली.

सुरी मात्र जुनी घरची. संस्कृतात ‘क्षुर’ म्हणजे वस्तरा. शब्द ऋग्वेदाइतका जुना, आणि ग्रीक भाषेतला वस्तऱ्याचा ‘क्सुरोन’ त्याचा भाऊबंद. क्षौर त्यातूनच आले. प्राकृतात ‘क्ष’ला दोन वाटा फुटल्या, एक ‘ख’ची आणि दुसरी ‘छ’ची. छ-च्या वाटेने गेलेल्या शब्दांचा मराठीत पुढे ‘स’ किंवा ‘श’ झाला. इक्षूचा ऊस झाला, क्षेत्राचे शेत झाले (हिंदीने ख-ची वाट धरली म्हणून तिकडे खेत), आणि क्षुरिकेची छुरी होऊन आपली सुरी झाली. पण त्याच क्षुराला ‘प्र’ जोडून झालेला ‘क्षुरप्र’ ख-च्या वाटेने गेला आणि त्याचे झाले खुरपे. एकाच आजोबांची ही नातवंडे. एक स्वयंपाकघरात राहिले, दुसरे रानात गेले. खुरप्याच्या नात्यात सुरी आहे, हे मला या सगळ्या खटाटोपातले सर्वात मोलाचे सापडणे वाटते.

वस्तऱ्याच्या शब्दातून चाकूचा शब्द निघणे ही काही आपलीच रीत नव्हे. लॅटिनमध्ये ‘नोवाकुला’ म्हणजे वस्तरा. त्यापासून स्पॅनिशमध्ये झालेला ‘नावाखा’ वस्तऱ्यालाही चालतो आणि घडीच्या चाकूलाही. ते साहजिकही आहे, कारण न्हाव्याचा जुना वस्तरा मुठीत मिटणाराच असे.

मराठी व्याकरणानेही सुरी आणि चाकू यांना वेगळे वागवले आहे. सुरी मोठी झाली की सुरा होतो. विळा आणि विळी यांच्यात तर एवढे अंतर पडले की एक शेतात चालतो, दुसरीवर बसून भाजी चिरतात. चाकूला हे स्त्रीलिंगी धाकटेपण मिळालेच नाही. बोटभर असो वा हातभर, तो चाकूच, आणि एक असो वा दहा, रूप तेच. परक्या शब्दाला घरात घेतले, पण लेकी-सुनांच्या पंगतीत बसवले नाही. म्हणींचा मानही सुरीलाच. सोन्याची सुरी असली म्हणून उरात मारून घेऊ नये म्हणतात ती सुरी, आणि मुखी राम असताना बगलेत असते तीही सुरीच. ही दुसरी म्हण नीट पाहिली तर हत्याराची जातही सांगते. न मिटणारे पाते लपवायला बगलच लागते. अरबीत ‘जंब’ म्हणजे कूस, तिच्याशी बांधायचा तो जंबिया. मिटणाऱ्याला खिसा पुरतो.

घडीच्या चाकूची खरी कुळकथा मात्र शस्त्रागारातली नाही, ती लेखनसामग्रीतली आहे. इंग्रजीतला ‘पेननाईफ’ म्हणजे पेन तासायचा चाकू. हे पेन पिसाचे होते, कारण लॅटिन ‘पेन्ना’ म्हणजे पीस. जर्मन तर सरळ ‘फेडरमेसर’ म्हणतात, म्हणजे पिसाचा चाकू. फारसीत तो ‘कलमतराश’. आपल्याकडे पिसाऐवजी बोरू होता. त्याचे टोक लिहून लिहून बोथट झाले की पुन्हा तिरके तासायचे, मध्ये चीर द्यायची आणि पुढची ओळ लिहायची. (तासणेही त्याच छ-च्या वाटेवरचे: तक्ष्, तच्छ, तासणे.) इंग्रजांकडे आणखी एक शब्द होता, ‘थ्विटल’. चौदाव्या शतकात चॉसरने रंगवलेला एक चक्कीवाला शेफिल्डचा थ्विटल मोज्यात खोचून हिंडतो. त्याचाच पुढे ‘व्हिटल’ झाला, आणि आज तो शब्द लाकूड छिलण्याच्या क्रियापदातच जास्त भेटतो. वस्तू गेली, काम राहिले.

आता ‘पेन्ना’कडे परत येऊ. त्या शब्दाचे मूळ उडणे या अर्थाच्या धातूत आहे, आणि संस्कृतातला ‘पत्’ हा त्याच मुळाचा. त्यावरून ‘पत्र’ झाले. पत्र म्हणजे आधी पंख, पीस, मग झाडाचे पान. त्या पत्रावरूनच कांद्याची पात, गवताची पाती आणि चाकूचे पाते. म्हणजे पेननाईफमधले पेन आणि आपले पाते हे दूरचे नातलग निघाले. डोळ्यालाही पाते असते. ते लवते न लवते तोच गोष्टी घडतात असे आपण म्हणतो, आणि मिटणाऱ्या चाकूचे पाते अगदी तसेच लवते.

ते लवताना जवळून पाहण्यासारखे असते. जुन्या घाटाच्या सडपातळ चाकूला ना खटका असतो ना कडी. पाठीवरून एक पोलादी पट्टी गेलेली असते. तिला कमानच म्हणावे, घड्याळातली कमान म्हणतो तसे. पात्यावर नख अडकवण्यापुरती चंद्रकोरीसारखी खाच असते. तिथे अंगठ्याचे नख लावून ओढले की पाते अर्ध्यापर्यंत कुरकुरत येते, मग कमान त्याला आपणहून पुढे ढकलते आणि ‘टक्’ असा आवाज होतो. मिटतानाही तसेच. पाते कुलूपबंद होत नाही, नुसते कमानीच्या जोरावर उभे असते. म्हणून टोक खुपसायच्या कामाला हा चाकू नाही, उलट मिटून बोटावर यायचा. सुतळी, पाकीट, पेन्सिल, संत्रे, हे त्याचे जग. पाते गंजणाऱ्या साध्या पोलादाचे असेल तर पहिल्या कैरीच्या फोडीलाच आंबट रस त्यावर निळसर-काळा डाग टाकतो. तो घासून काढणारे असतात. मी काढत नाही. तो डाग म्हणजे गंज नव्हे, आणि तांबड्या गंजाला तो थोडाफार अटकावच करतो.

एवढ्या निरुपद्रवी वस्तूचे नाव बदनाम झाले ते बटण दाबताच उघडणाऱ्या भाऊबंदामुळे. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा चाकू हिंदी सिनेमाने घरोघरी पोचवला, आणि ‘रामपुरी’ या गावाच्या विशेषणाचे नाम होऊन बसले. ‘रामपुरी काढला’ एवढे म्हटले की पुढे चाकू शब्द लागत नाही. आपल्याकडे ‘खटक्याचा’ म्हटले तरी तोच अर्थ पोचतो. रामपूरने मात्र ही ओळख टाकली नाही. 2023 मध्ये तिथल्या एका चौकात सुमारे 20 फुटी चाकू उभारला गेला.

जपानमध्येही असेच झाले. तिथल्या मिकी गावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बनणाऱ्या साध्या घडीच्या चाकूला ‘हिगोनोकामी’ म्हणतात. अर्थ ‘हिगो प्रांताचा अधिपती’. सरंजामी पदवी, आणि काम शाळकरी पोरांच्या पेन्सिली तासणे! 1960 मध्ये जपानमध्ये एका राजकीय नेत्याची भर सभेत हत्या झाली. मारेकरी 17 वर्षांचा, हत्यार आखूड तलवार. पण मुलांच्या हाती पाते नको म्हणून पुढे जी मोहीम निघाली, तीत पोरांच्या दप्तरातला हा चाकूही गेला.

आपल्याकडे मोहीम वगैरे काही झाली नाही. शार्पनर आले, बॉलपेन आले, आणि ज्या कामावरून चाकूला पेन, पीस, कलम अशी नावे मिळाली होती ते कामच संपले. उरलेल्या शब्दात मग स्वयंपाकघर शिरले, आणि घडीच्या चाकूला स्वतःच्याच नावामागे विशेषण लावायची वेळ आली. ‘घडीचा चाकू’ म्हणणे म्हणजे शब्दाच्या इतिहासाकडे पाहता द्विरुक्ती, पण ती मला चालेल, कानाला बरी लागते. दुकानात मात्र ‘फोल्डिंगचा’ म्हणून मागा, नाहीतर काउंटरवर टोमॅटो चिरायचा येईल.