दोन सुरांमधला रस्ता

चाकसूला पोस्टिंग आली तेव्हा एका गोष्टीचा आनंद झाला. जयपूर इथून चाळीसेक किलोमीटर, आणि जयपूर म्हणजे पंडित विश्वमोहन भट्ट यांचं शहर.

एनडीएत माझा एक कोर्समेट पिंक फ्लॉइडच्या 'कम्फर्टेबली नम्ब'मधला (१९७९) डेव्हिड गिलमोरचा शेवटचा सोलो वाजवायचा. नुसता वेग ऐकणारा विसरून जातो. हा सोलो लक्षात राहतो, कारण गिलमोर तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर सावकाश पोहोचतो. आपल्याकडे हीच मींड.

पुढे सियाचीनवर फ्रॉस्टबाइटमुळे त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. गिटार माळ्यावर गेली.

भट्टांनी गिटारला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली. ती मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी फिरवतात. तार बोटांनी दाबावी लागत नाही. अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरच्या त्यांच्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर'ला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं.

तो अल्बम मी मित्राला पाठवला. परवा त्याचा फोन आला. "ऐक," एवढंच म्हणाला. गिटार मांडीवर, हातात कांडी, आणि तोच सोलो. दोनदा चुकला. मींड मात्र तीच होती.