पुण्याचं पाणी : कात्रजपासून मुळशीपर्यंत

मे महिना लागला की पुण्यात दोन माणसं भेटल्यावर तिसरं वाक्य धरणावर येतं. किती टक्के उरलंय, कपात कधीपासून, मागच्या वर्षी या तारखेला किती होतं. जून कोरडा गेला तर आवाज चढतो, जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडलं की सगळे भिडे पुलाचे फोटो एकमेकांना पाठवतात आणि विषय पुढच्या मेपर्यंत मिटतो.

मी इतिहास-भूगोल शिकवत होते, इंजिनिअर नाही. पण "पुढच्या तीस वर्षांचं पाणी कुठून आणायचं" असा प्रश्न पेपरात वाचला की मला पहिल्यांदा मागचंच आठवतं. कारण हा हिशेब या गावाने पावणेतीनशे वर्षांत निदान तीन-चार वेळा मांडलेला आहे. आधीची उत्तरं कशी निघाली ते न बघता नवं गणित कशाला सोडवायचं?

पहिलं उत्तर नानासाहेब पेशव्यांचं. १७५० च्या सुमारास त्यांनी कात्रजच्या डोंगराखाली बांध घालून तलाव केले आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून नळ आणला. नळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चावी येते. हा नळ म्हणजे दगड-विटा-चुन्यात बांधलेलं भुयार, माणूस आत उतरून चालू शकेल असं. ना पंप ना वीज. नुसता उतार. आधी पाणी एका तलावात थांबवायचं, गाळ खाली बसला की वरचं निवळ पाणी दुसऱ्यात घ्यायचं आणि मग नळात सोडायचं. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास बांधले, म्हणजे हवा खेळती राहते, पाण्याचा दाब मोकळा होतो आणि गाळ काढायला माणसाला उतरता येतं. (उच्छ्वास हा शब्द मला फार आवडतो. जिवंत माणसाबद्दल बोलावं तसं त्या लोकांनी नळाबद्दल बोलून ठेवलंय.) शेवटी पेठापेठांतून हौद. काळा हौद, बदामी हौद ही नावं अजून रिक्षावाल्यांना माहीत आहेत, हौद दिसो न दिसो. पुढे नाना फडणविसांनी आंबेगावच्या बाजूने आणि रास्त्यांनी कोंढव्याच्या बाजूने आपापले नळ आणले. म्हणजे एकाच गावाला तीन दिशांनी पाणी, शिवाय वाड्यावाड्यातल्या विहिरी आणि खाली मुठा वेगळीच. एक आटलं तर दुसरं. हे ठरवून केलं की आपोआप झालं, यावर वाद घालता येईल. पण झालं खरं.

दुसरं उत्तर इंग्रजांचं. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून १८५० मध्ये मुळा-मुठेवर बंधारा झाला, तोच आपला बंडगार्डनचा बंड. मग १८६९ ते १८७९ या काळात खडकवासल्याचं दगडी धरण उभं राहिलं. त्याला कर्नल फाइफ यांचं नाव होतं, लेक फाइफ. पाठ्यपुस्तकात 'पुण्याच्या पाणीपुरवठ्यासाठी' असं एका ओळीत येतं आणि तिथेच घोटाळा होतो. हे धरण केवळ शहरासाठी नव्हतंच. पुण्याच्या पूर्वेचा मुलूख दुष्काळी, आणि धरणाचं काम चालू असतानाच १८७६-७८ चा मोठा दुष्काळ पडला. कालवा काढून त्या मुलखात पीक उभं करायचं आणि जाता जाता शहराला, छावणीला प्यायचं पाणी द्यायचं, अशी ती योजना होती. आज शेतकरी जेव्हा म्हणतात की धरण आमच्यासाठी होतं, शहर नंतर आत शिरलं, तेव्हा ते बरंचसं खरं बोलत असतात.

याच धरणावर विश्वेश्वरय्यांनी एक गंमत केली. पुण्यात पाटबंधारे खात्यात असताना त्यांच्यापुढे प्रश्न होता की साठा वाढवायचा कसा. धरणाची भिंत उंच करा किंवा दुसरं धरण बांधा, हे उत्तर कुणीही दिलं असतं. त्यांनी सांडव्यावर आपोआप उघडमीट होणारी दारं बसवली, १९०३ साली. पूर आला की पाण्याच्याच जोरावर दारं उघडायची, ओसरला की मिटायची. वाहून जाणारं पाणी त्याच धरणात जास्त राहू लागलं. वर्गात हे सांगताना माझा आवाज नेहमी थोडा चढत असे, मुलं हसायची.

मग १२ जुलै १९६१. पानशेत.

मी तेव्हा शाळकरी मुलगी. पुराबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी त्यात भर घालत नाही. आंबी नदीवरचं ते मातीचं धरण पुरं व्हायचं होतं, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली आणि सकाळी ते फुटलं. त्या लोंढ्याने खाली खडकवासलाही गेलं. मला सांगायचंय ते नंतरच्या दिवसांबद्दल. पाणी ओसरलं आणि नळ कोरडे पडले. साहजिकच आहे, ज्या धरणावर सगळं शहर अवलंबून तेच वाहून गेलेलं. आई, मी आणि थोरला भाऊ कळशा घेऊन हौदावर रांगेत उभे राहायचो. ज्या हौदावर तोवर फक्त धुणं आणि गुरं असायची, त्याला एकदम मान आला. वाड्यातल्या विहिरीवरचं झाकण काढलं, गाळ उपसला, पोहरा बांधला. आजी म्हणायची, "नानासाहेबांनी पाणी पाजलं." नानासाहेब २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर गेले. म्हणजे बरोबर दोनशे वर्षांनी आणि वर थोडे दिवस.

पाणीयोजना कशी जोखावी याची माझी पट्टी त्या रांगेत तयार झाली. किती वर्षं पुरेल हे तर बघावंच, पण ती बंद पडली तर हाताशी काय उरतं, हेही बघावं. आणि तिसरं बघायचं ते मला पुढे नोकरीने शिकवलं.

पानशेत फुटल्यावर शहराने काय केलं? खडकवासला पुन्हा बांधलं, पानशेत पुन्हा बांधलं, मग मोसे नदीवर वरसगाव, मग मुठेवर टेमघर. एकेक खोरं वर चढत गेलो. आज चारही धरणं मिळून क्षमता सुमारे २९ टीएमसी आहे : खडकवासला जेमतेम दोन, पानशेत साडेदहाच्या वर, वरसगाव पावणेतेरा, टेमघर पावणेचार. (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, २,८३१ कोटी लिटर.) एवढं पाणी बघून कुणालाही वाटावं की आता प्रश्न सुटला.

मी अकरा वर्षं दौंड तालुक्यात शिकवलं. नवा मुठा उजवा कालवा तिथून पुढे इंदापूरकडे जातो. कालव्याच्या शेवटाला तिकडे 'टेल' म्हणतात आणि टेलचा शेतकरी ही एक वेगळीच जात आहे. आवर्तन सुटल्याची बातमी आली की तो चारीवर जाऊन झोपतो. वरचे आधी भिजवून घेतात, पाटकऱ्याच्या मागे फिरावं लागतं, आणि पाणी पोचेपर्यंत कधी कधी आवर्तन बंद झालेलं असतं. माझ्या वर्गात धरणग्रस्तांच्या वस्तीतली मुलं होती. त्यांच्या आई-वडिलांची भातखाचरं पानशेत-वरसगावच्या पाण्याखाली गेली आणि बदल्यात त्यांना या कोरड्या माळावर जमिनी मिळाल्या, कालव्याचं पाणी मिळेल या भरवशावर. एकदा मी नकाशा काढून धरण, कालवा, शहर दाखवत होते. एका मुलीने उठून विचारलं, "बाई, पाणी आमच्या गावातनंच येतंय, मग आम्हाला शेवटी का?" मी त्या तासाला उत्तर दिलं ते भूगोलाचं, चढउताराचं. तिचा प्रश्न चढउताराचा नव्हता हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

आता फळ्यावरचं गणित. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हे सरकारी मानक. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३१ लाख होती. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, तेव्हा हिशेबाला ५० लाख धरू. रोज साडेसदुसष्ट कोटी लिटर. वर्षाचे झाले पावणेनऊ टीएमसीच्या आत. पाटबंधारे खात्याशी शहराचा करार साडेअकरा टीएमसीचा होता, म्हणजे त्यात हे बसायला हरकत नव्हती. प्रत्यक्षात उचल त्याहून बरीच जास्त होत आली आणि त्यावरून दरवर्षी भांडण. मग पाणी जातं कुठे? पालिकाच गळती पस्तीस-चाळीस टक्के सांगत आली आहे. चाळीस धरा. नळाला पावणेनऊ पोचवायला धरणातून साडेचौदा सोडावे लागतात. वाटेत जवळजवळ सहा टीएमसी गेले. सहा टीएमसी म्हणजे दीड टेमघर! (आणि खुद्द टेमघरच इतकं गळत होतं की ते रिकामं ठेवून दुरुस्ती करावी लागली, हा आणखी एक विनोद.)

माझी आकडेमोड ढोबळ आहे. दवाखाने, हॉटेलं, कारखाने यांचं पाणी मी धरलेलं नाही. पण पुढचं धरण कुठे, या चर्चेत हा दीड टेमघर शेवटच्या परिच्छेदात येतो आणि मुळशी मथळ्यात, याचा मला राग येतो.

मुळशीचं नाव आता वरचेवर निघतं. टाटांचं ते धरण खडकवासल्याच्या कित्येक पट मोठं, त्याचं पाणी सह्याद्रीपलीकडे भिऱ्याला वीज करून कोकणात उतरतं. ते पूर्वेला वळवावं अशी मागणी आहे, आणि ते मूळचं भीमेच्या खोऱ्यातलंच, तेव्हा मागणीत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध. जमिनी गेल्या त्या मुंबईच्या विजेसाठी. शंभर वर्षांनी तेच पाणी पुण्याच्या नळासाठी मागताना त्या गावांच्या वारसांना आधी प्यायला मिळतंय का, एवढं तरी विचारावं की नाही? शेजारच्या पिंपरी-चिंचवडने पवना धरणातून बंद जलवाहिनी आणायचं ठरवलं, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. योजना कागदावर निर्दोष होती. उघड्या नदीतून येताना पाणी वाया जातं, नळातून जाणार नाही. नदीकाठच्या शेतांचं काय, हा रकाना कागदावर नसावा. भामा आसखेडचं पाणी २०२१ च्या जानेवारीत शहराच्या पूर्व भागाला मिळालं, तेही खेड तालुक्यातल्या धरणग्रस्तांच्या आंदोलनांतून वाट काढत.

दुसरी वाट मुंढव्याला आहे. शहराचं वापरलेलं पाणी शुद्ध करून जॅकवेलमधून जुन्या कालव्यात, ज्याला बेबी कालवा म्हणतात, सोडायचं आणि वर्षाला साडेसहा टीएमसी शेतीला परत द्यायचे. कल्पना मला मनापासून पटते. शहर पाणी पिऊन टाकत नाही, बहुतेक परत करतंच. प्रश्न एवढाच की कोणत्या अवस्थेत. त्या भागातल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं, "बाई, पाणी येतं, पण हात घालवत नाही." मैलापाणी पुरतं शुद्ध होत नाही तोवर हे परत देणं नाही, ओतून मोकळं होणं आहे.

म्हणून माझा क्रम सरळ आहे : आधी गळती, मग मीटर, मग मैलापाणी, आणि त्यानंतर मुळशी. मीटरला आमच्याच सोसायटीत विरोध झाला आणि मी बाजूने बोलले म्हणून दोन घरांचं हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. असो. यातलं काहीच उद्घाटनाचं काम नाही ही खरी अडचण. धरणावर कोनशिला बसते. खणलेल्या रस्त्याखाली बदललेल्या पाइपवर कोण बसवणार? तरी हेही कबूल करायला हवं की गळती एका वर्षात थांबत नाही आणि टँकरच्या रांगेतल्या समाविष्ट गावातल्या बाईला 'थांबा' म्हणणं मला घरात बसून सोपं आहे. तिला आत्ता पाणी हवंय, आणि ते वरूनच येणार. ते तिला देताना त्याच वेळी टेलचं किती कमी झालं हे आकड्यात छापावं, एवढं मागते. धरणाची टक्केवारी जशी रोज छापतात तसं.

आणि हौद. नानासाहेबांचा नळ अनेक जागी फुटला, रस्ते आणि इमारतींच्या पायाखाली गेला, कात्रजच्या तलावात वस्तीचं सांडपाणी शिरलं. १९६१ सारखी वेळ आली तर त्यातलं किती वापरता येईल याची यादी हाताशी हवी, म्हणून मी माझ्यापुरती वहीत करायला घेतली आहे. आजवर पेठांमधल्या सतरा विहिरींची नोंद झाली. त्यातल्या पाचांवर स्लॅब आहे, तीन कचऱ्याने भरल्या आहेत, एका विहिरीत कासव आहे आणि पाणी स्वच्छ. नातेवाईकांपैकी ज्यांचे जुने वाडे आता इमारती झाले त्यांनी विहीर कुठे होती, बुजवली की झाकली, आणि अंगणात उच्छ्वास होता का, एवढं आठवून मला जरूर कळवावं. बुजवली असेल तर तसंही सांगा, वहीत त्याचाही रकाना आहे.