प्रमुखानं स्वतः खाली उतरावं का? ब्रुकलिन पुलाचा दाखला

प्रकल्पप्रमुखानं कामात स्वतः हात घालावा की लांबून देखरेख करावी? व्यवस्थापनाच्या इतिहासात हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही हा विषय घेणार असाल, तर बाजू निवडायची घाई करू नका. आधी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचं प्रकरण बघा.

१८६९ मध्ये जॉन रोबलिंग वारले आणि मुख्य अभियंत्याची जबाबदारी त्यांचा मुलगा वॉशिंग्टन यांच्यावर आली. पुलाच्या मनोऱ्यांचे पाये नदीच्या तळाखाली न्यायचे होते. त्यासाठी लाकडाच्या अवाढव्य, खालून उघड्या पेट्या (केसॉन) नदीत बुडवल्या. आत दाबाची हवा भरून पाणी बाहेर ठेवायचं आणि मजुरांनी खणत खाली जायचं, अशी पद्धत. वॉशिंग्टन स्वतः वारंवार आत उतरत. डिसेंबर १८७० मध्ये केसॉनच्या छताला आग लागली, तेव्हाही ते तासन् तास खालीच होते.

मॅनहॅटनच्या बाजूला खोली वाढली तसे मजूर आजारी पडू लागले, काही दगावले. १८७२ मध्ये सुमारे ७८ फुटांवर, खडक लागण्याआधीच, वॉशिंग्टन यांनी खोदाई थांबवली. तिथली वाळू पुरेशी घट्ट आहे, असा त्यांचा निर्णय होता. मनोरा आजही त्याच वाळूवर उभा आहे. खाली न उतरलेल्या माणसाला हे धाडस जमलं असतं का? मला शंका वाटते. पण किंमतही मोठी होती: त्याच वर्षी त्या आजारानं ते स्वतः कोसळले.

पुढे १८८३ मध्ये पूल खुला होईपर्यंत त्यांनी बहुतेक काम घरात बसून चालवलं. तपशीलवार सूचना लिहिल्या. पत्नी एमिली त्या साहाय्यक अभियंत्यांपर्यंत पोचवत आणि हळूहळू तांत्रिक बाबीही हाताळू लागल्या.

इथे ‘बघा, प्रमुख दूर गेला की घोटाळे होतात’ असं म्हणायचा मोह होईल. कारण १८७८ मध्ये तारेच्या ठेकेदाराची फसवणूक उघड झाली. पण तो तपासणीत पास झालेली तार वाटेत बदलायचा. प्रमुख पुलावर हजर असता तरी ते दिसलं असतंच असं नाही. उलट, मुळातच जास्त मजबुती धरून केलेल्या आराखड्यामुळे आणि जादा तारा घातल्यामुळे पूल वाचला.

म्हणून ‘सहभाग’ हा एकच शब्द वापरू नका. जागेवर हजर असणं, तपशील माहीत असणं आणि निर्णय घेणं, या तीन गोष्टी वेगळ्या मांडा. मगच विचारा: प्रमुखाला खाली जे कळलं, ते इतरांपर्यंत कसं पोचलं?