बालाघाटातील पाथरी : नोंदीच्या सीमेबाहेर राहिलेल्या रानफुलाचा इतिहास

प्रस्तावना :
बीड जिल्ह्यातील रब्बीच्या शेतात, बांधावर व पाणंदीच्या कडेला जमिनीसरशी पसरलेली एक वनस्पती आढळते. पाने मुळाशी गोलाकार, तोडल्यास पांढरा चीक आणि बारीक दांड्यावर पिवळे फूल. लोक तिला पाथरी म्हणतात. परभणी जिल्ह्यातील पाथरी या गावाशी या नावाची गल्लत होऊ नये. सूर्यफुलाच्या कुळातील या वनस्पतीचे शास्त्रीय नाव लाउनिया प्रोकम्बेन्स असे आहे. राजकीय सीमांचा ज्ञानाच्या नोंदींवर कसा परिणाम होतो, हे या रानफुलाच्या आधारे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बेटावरील भावंड :
लाउनिया ही प्रजाती फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ कासिनी यांनी 1822 मध्ये स्थापन केली. तिच्यातील लाउनिया सार्मेंटोसा ही जाती हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर व बेटांवर वाळूत वाढते. जमिनीवर धावणाऱ्या तिच्या दांड्यांना पेरापेराशी मुळे फुटतात; फूल मात्र पाथरीसारखेच पिवळे. मालदीव बेटांवर तिला कुल्हाफिला म्हणतात व तिची पाने आहारात असतात. समुद्रापासून दूर, अवर्षणप्रवण बालाघाटात तिच्याच प्रजातीतील पाथरीची भाजी केली जाते. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन समाजांनी एकाच प्रजातीतील रानफुले आपल्या ताटात आणली, ही बाब लक्षणीय आहे.

इलाख्याची सीमा आणि वनस्पतीची नोंद :
पाथरीचे शास्त्रीय वर्णन विल्यम रॉक्सबर्ग यांच्या ‘फ्लोरा इंडिका’ या ग्रंथात 1832 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. त्यानंतर पश्चिम भारतात वनस्पतींच्या नोंदीचे मोठे कार्य झाले. जॉन ग्रॅहम यांची मुंबई व परिसरातील वनस्पतींची सूची 1839 मध्ये, डॅल्झेल व गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ 1861 मध्ये, तर थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ 1901 ते 1908 या काळात प्रकाशित झाला. या ग्रंथांच्या शीर्षकांतच त्यांची मर्यादा स्पष्ट होते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हा जिल्हा इलाख्यात होता. बीड मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सीना नदी काही अंतर या दोन जिल्ह्यांची सीमा आहे. नदीच्या अलीकडची व पलीकडची माती सारखीच, पाऊसमान सारखेच; परंतु एक काठ इलाख्याच्या ग्रंथाच्या कक्षेत आला व दुसरा बाहेर राहिला. हूकर यांच्या संपूर्ण ब्रिटिश भारतावरील सात खंडांत (1872–1897) जिल्हानिहाय तपशिलास वाव नव्हता.

सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. पाथरीचे आज प्रचलित असलेले शास्त्रीय नाव 1969 मध्ये रामय्या व राजगोपाल यांनी निश्चित केले. मराठवाड्याच्या वनस्पतींचा समग्र आढावा मात्र व्ही. एन. नाईक यांच्या दोन खंडांतील ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ या ग्रंथाने 1998 मध्ये दिला. कुक यांच्या ग्रंथाची पूर्तता व हा ग्रंथ यांत 90 वर्षांचे अंतर आहे.

अलिखित नोंद :
ग्रंथ नव्हते म्हणून ज्ञान नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. खुरपणीला जाणाऱ्या स्त्रिया पाथरी नेमकी ओळखत. ती फुलावर येण्यापूर्वी, पाने कोवळी असतानाच खुडावी, हे त्यांना ठाऊक होते. शेताच्या दृष्टीने जे तण, तेच त्यांच्या ओट्यात भाजी म्हणून येई. हे ज्ञान आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे कामाच्या ओघातच जात असे. त्यासाठी खुरपे हातात असणे आवश्यक होते. आज अनेक शेतांत खुरप्याची जागा तणनाशकाने घेतली आहे. फवारणीत पाथरी जळतेच. शिवाय तिची ओळख करून देणारा प्रसंगही नाहीसा होतो.

निष्कर्ष :
पाथरी ही दुर्मीळ वनस्पती नाही. दुर्मीळ होत आहे ती तिची ओळख. पूर्वी जाणकार होते, पण जिल्ह्याची लेखी नोंद नव्हती. आता नोंद आहे, पण जाणकार कमी होत आहेत. ग्रंथात वनस्पतीचे वर्णन मिळते. ती केव्हा खुडावी, कशी शिजवावी, कोणत्या गावात तिला काय म्हणतात, हे बहुधा मिळत नाही. ही उणीव भरून काढणे जिल्ह्यातील महाविद्यालयांना सहज शक्य आहे. वनस्पतिशास्त्र, इतिहास व मराठी या विभागांनी एकत्रितपणे, गावातील वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती व वनस्पतींचे नमुने यांची सांगड घालून, तालुकानिहाय नोंदी कराव्यात. एका काळी राजकीय सीमेमुळे जे राहून गेले, ते आता आपल्या उदासीनतेमुळे राहून जाऊ नये.